माईचं ‘चालेल’

सही थोरल्यानं केली होती, आणि झोकात केली होती. लाँड्रीच्या पावतीवर करायचा तशीच, शेवटच्या अक्षराखाली लांब शेपूट ओढून. सर्जनबाईंनी कागद वाचला, त्या शेपटावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "हे कोण?"

"मी. मोठा मुलगा."

"आणि पेशंटची सही?"

"ती कशाला? तिला विचारलंय आम्ही. चालेल म्हणाली."

बाईंनी फाइलचं पान उलटलं. "लगेच नाही चालणार. आधी जखम भरू दे. मग वॉकर, मग कृत्रिम पाय. चालतील, पण वेळ लागेल."

"तसं नाही हो डॉक्टर. ती चालेल असं नाही. ती म्हणाली, ‘चालेल’."

"कशाला?"

"ऑपरेशनला."

"कुठल्या ऑपरेशनला? त्यांना नेमकं काय सांगितलंत?"

इथे थोरला अडखळला. हॉटेलच्या चादरींचं अख्खं बोचकं एका खांद्यावर टाकून जिना उतरणारा गडी, पण आता एका पायानं दुसऱ्या पायातली चप्पल चाचपत उभा राहिला. "पायाचं छोटंसं ऑपरेशन आहे, असं."

"पाय गुडघ्याखालून काढायचाय, हे सांगितलं नाही?"

"ती हाय खाईल, डॉक्टर. तिचं सगळं आयुष्य इस्त्रीच्या टेबलाशी उभ्यानं गेलंय. तिला हे कसं सांगायचं?"

बाई तरुण होत्या, पण त्यांचा आवाज घाईचा नव्हता. "काल मी तपासायला गेले तेव्हा तुमच्या आई मला म्हणाल्या, तुमच्या हॉस्पिटलच्या चादरींना नीळ जास्त होते, धुणाऱ्याला सांगा. ज्या बाईला तापात चादरीतली नीळ कळते, तिला हे कळणार नाही?" त्यांनी कागद त्याच्या हातात परत दिला. "त्या शुद्धीवर आहेत, समजून-उमजून बोलताहेत. मग निर्णय त्यांचाच. कायदाही तेच म्हणतो आणि कायद्यात नसतं तरी मी तेच म्हटलं असतं. त्यांना कळल्याशिवाय मी उद्या सकाळी सुरी हातात घेणार नाही. संध्याकाळी राउंडला येते. तोवर तुम्ही सांगा. तुम्हाला जमलं नाही तर मी सांगेन."

"आम्हाला दुसऱ्या डॉक्टरांना विचारायचं असेल तर?"

"जरूर विचारा. रिपोर्टच्या प्रती खाली मिळतील. पण विचारताय कोणासाठी, तेही एकदा ठरवा."

थोरला कॉरिडॉरमध्ये आला तेव्हा त्याचा चेहरा पिळून वाळत टाकलेल्या कपड्यासारखा झाला होता. बाकावर ताई बसली होती आणि तिच्या शेजारी तिचा नवरा. हे जावई वकील होते, पण जमिनीचे. बांध, हद्द, रस्ता, विहीर यांच्यापलीकडचा कायदा त्यांनी परीक्षेपुरता वाचलेला. सासुरवाडीनं मात्र त्यांना सगळ्याच बाबतीतला वकील मानलं होतं. शेजारच्या मांजरानं वाळत घातलेला कोट फाडला तरी फोन त्यांनाच जायचा. आज सकाळपासून ते कोणाकोणाला फोन करून, विचारून विचारून तयार बसले होते, कारण आपल्याला विचारलं जाणार हे ते जाणून होते.

"सही नको म्हणतात," थोरला म्हणाला.

"नको म्हणजे?" ताई उभीच राहिली. "असं अडवता येतं का त्यांना? अहो, सांगा ना. सख्खा मुलगा आहे तो तिचा. पक्का."

"मुलगा पक्का आहे," जावई म्हणाले. "सही कच्ची आहे."

"मग बाबांची घेऊ," थोरला म्हणाला. "नवऱ्याची तरी चालत असेल."

"नाही. माई शुद्धीवर आहेत ना? मग कोणाचीच नाही. त्यांचीच."

"आपण सगळ्यांनी मिळून केली तर?"

"माई काय सामायिक विहीर आहेत का रे?"

थोरला बाकावर धपकन बसला. "आणि आपण त्यांना लेखी दिलं, की आमच्या जबाबदारीवर तिला काही सांगू नका, तर?"

"आपली जबाबदारी कोण विचारतंय? माईंनी स्वतः म्हटलं, की मला काही सांगू नका, मुलांशी बोला, तर गोष्ट वेगळी. तो त्यांचा हक्क. पण आपण परस्पर त्यांच्या कानात कापूस घालू शकत नाही."

"बेशुद्ध असती तर?"

"तर तुला विचारलं असतं. बाबांना विचारलं असतं."

"म्हणजे ती शुद्धीवर आहे हाच गुन्हा झाला म्हणायचा." थोरला असं म्हणाला आणि आपण काय बोललो ते कळून त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. सकाळपासून ती त्याच्याच बाजूची होती. माईला सांगायचं नाही, ऑपरेशन उरकून घ्यायचं, मग हळूहळू सांगू, असं दोघा भावंडांनी मिळून ठरवलं होतं. त्या पाठीवरच्या हाताला मात्र आता काहीतरी वेगळंच सुचायला लागलं.

"दादा," ती म्हणाली, "ती चालेल म्हणाली ते कसं म्हणाली?"

"कसं म्हणजे? म्हणते तसंच. चालेल."

"मग तिला नकोय."

"अगं, चालेल म्हणजे हो!"

"तुझ्यासाठी हो. तू लहानपणापासून हो ऐकत आलायस. तिनं चालेल म्हटलं, की समजायचं, तिला नकोय. आपली जुनी खोली सोडून दुकानाच्या माडीवर राहायला जायचं ठरलं तेव्हा काय म्हणाली? चालेल. वर्षभर झोपली नाही नीट. बाबांनी मोठं मशीन घेतलं तेव्हा चालेल. माझ्या लग्नाला काय म्हणाली? ‘वकील आहे? चालेल.’"

जावयांनी मान वळवली. "म्हणजे?"

"तुम्ही मध्ये बोलू नका."

"नाही, म्हणजे इतकी वर्षं मी त्या ‘चालेल’वर..."

"तुम्ही नंतर आवडलात तिला. पुरे आता." ताईचे डोळे भरून आले होते आणि आवाज चढत होता. "मी सांगते, ऑपरेशन नको. रिपोर्ट घेऊ, घरी नेऊ. ड्रेसिंग करू, गोळ्या देऊ. तिला नको असताना तिचा पाय कापायचा नाही. मी होऊ देणार नाही."

"आणि विष अंगात पसरलं तर? तू बघशील?"

"बघीन!"

थोड्याच वेळापूर्वी एका पक्षात असलेली दोन भावंडं आता समोरासमोर उभी होती. एक म्हणत होता माईला हवंय, दुसरी म्हणत होती नकोय. पुरावा म्हणून दोघंही तोच एक शब्द दाखवत होते. जमिनीच्या दाव्यात असे खटले जावयांनी पुष्कळ पाहिले होते. तिथे निदान जमीन बोलत नाही.

"त्यांनाच विचारा ना," ते शेवटी म्हणाले.

त्या घरात माईला विचारलं जायचं ते असं, की उत्तर एकच यावं. आम्ही असं असं करतोय, चालेल ना? याखेरीज दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं माईला काही विचारतात हे दोघा भावंडांनाही ठाऊक नव्हतं.

धाकटी सून तेवढ्यात जिना चढून आली. हातात कापडी पिशवी, त्यात माईचे धुतलेले गाऊन आणि घरची उशी. केसांना वाफेचा आणि साबणाचा वास. तिचा नवरा, माईचा धाकटा मुलगा, वारला तेव्हा तिला सगळ्यांनी विचारलं होतं, आता तू माहेरी जाणार का? ती गेली नाही. लाँड्रीच्या काउंटरवर बसली, आणि तेव्हापासून माईशी रोज भांडत आली. स्टार्च किती घालायचा, हॉटेलवाल्याला उधारी द्यायची का, बटण तुटलं तर कोणी शिवायचं, असल्या गोष्टींवर. या भांडणांचा घरादाराला इतका सराव होता, की एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर बाबा वर जाऊन बघून यायचे.

थोरल्यानं तिला सगळं सांगितलं. ऐकताना तिनं उशी छातीशी धरून ठेवली.

"मग सांगितलं कोणी माईंना?"

थोरला पुन्हा पायानं चप्पल चाचपायला लागला.

"मी सांगते."

"तू नको," थोरला म्हणाला. "तू सांगशील आणि भांडण होईल."

"होऊ दे."

"अगं, ही काय वेळ आहे का..."

"भाऊजी." तिनं इतक्या हळू हाक मारली, की त्याला थांबावंच लागलं. "ह्यांच्या वेळी तुम्ही सगळीकडे सह्या केल्यात. मी बाहेर होते, ह्याच असल्या बाकावर. मला औषधं आणायला पाठवलंत. तुम्ही वाईट केलं असं मी म्हणत नाही. तुम्ही चांगलंच केलं असणार. पण मला कोणी विचारलं नाही, आणि त्यांना तर नाहीच नाही." तिनं उशी दुसऱ्या हातात घेतली. "आता माईंना तरी विचारू द्या."

थोरल्यानं बाजूला होऊन तिला वाट दिली.

आत बाबा बसले होते, पलंगाच्या पायाकडच्या स्टुलावर. हे त्यांनी मुद्दाम निवडलेलं ठिकाण होतं. तिथून माईचा चेहरा तिरपा दिसे आणि पाय आपल्या पाठीमागे राही. पायावरची चादर जरा सरकली की ते न बघताच हात मागे नेऊन ती नीट करत. बोटं काळी पडल्यापासून त्यांनी तो पाय पाहिला नव्हता, आणि त्यांना त्याची लाज वाटत होती. याच पायांवर उभं राहून या बाईनं आपला धंदा उभा केला, आणि आपल्याला त्यांच्याकडे बघवत नाही, असं सकाळपासून त्यांच्या मनात घोळत होतं.

त्यांना माईचं ‘चालेल’ मुलांपेक्षा जास्त कळायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षीच त्यांनी ओळखलं होतं, की ही एकाच शब्दात बरंच काही बोलते. तोंड वर करून पटकन म्हटलं तर खरंच चालायचं. खाली बघत म्हटलं, हातातलं काम न थांबवता, तर मग विचारणाऱ्यानं सांभाळून राहायचं. काल थोरल्यानं विचारलं तेव्हा ती छताकडे बघत होती. छताकडे बघून म्हटलेलं चालेल बाबांनी यापूर्वी ऐकलं नव्हतं, आणि त्याचा अर्थ लावायला ते घाबरत होते. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. म्हणूनच त्यांनी विचारलं नाही.

"ही उशी कशाला आणलीस?" माई म्हणाली. "इथे आहे की."

"इथली कडक आहे. तुमची मान दुखते," धाकटी म्हणाली.

"माझी मान मला माहीत. उगाच घरची उशी हॉस्पिटलात. आता धुवावी लागणार."

"लाँड्री आपलीच आहे, माई."

"म्हणून काय फुकट धुतलं जातं? साबण वरून पडतो?"

बाबांना बरं वाटलं. खोलीत पहिल्यांदाच घरासारखा आवाज होत होता. धाकटीनं मात्र आज पुढचं वाक्य बोलायचं सोडलं. तिनं माईच्या मानेखाली हात घालून जुनी उशी काढली, घरची सरकवली आणि पलंगाच्या कडेवर बसली. माईनं तिच्याकडे बारकाईनं पाहिलं. जी बाई रोज उलट बोलते ती गप्प बसली, की काहीतरी बिनसलंय हे कोणालाही कळलं असतं.

"काय झालं?"

"उद्या तुमचं ऑपरेशन आहे."

"माहीत आहे. थोरल्यानं सांगितलं. छोटंसं आहे."

"छोटं नाहीये."

बाबांनी स्टुलावरून उठायचा प्रयत्न केला. पण ते बसूनच राहिले.

"पायाची रक्तवाहिनी बंद झालीय," धाकटी म्हणाली. "औषधानं उघडत नाहीये. बोटं गेलीच आहेत. आता ते वर चढतंय. डॉक्टर म्हणतात, पाय काढावा लागेल."

बाहेर ट्रॉली गेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं. मग माईनं आपला हात चादरीवर ठेवला, मांडीवर, आणि हळूहळू खाली आणत विचारलं, "कुठून?"

धाकटीनं तिचा हात धरून पुढे नेला. गुडघ्यावरून, गुडघ्याच्या थोडा खाली, आणि तिथे थांबवला. "इथून."

"गुडघा राहतो?"

"राहतो."

"मग ते आधी सांगायचं ना, गुडघा राहतो म्हणून!" माई एकदम चिडली. "मी आपली मांडीपासून समजून बसले होते!"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला नाक आहे की नाही? मळलेला कपडा कुठवर खराब झालाय, हे मी वासावरून सांगते. माझ्या पायाचं मला कळणार नाही?" आणि मग ती रडायला लागली. मोठ्यानं नाही. तोंड उघडं ठेवून, श्वास घेत घेत. धाकटी पुढे झाली आणि तिनं माईचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. या दोघींनी आजवर एकमेकींना असं धरलं नव्हतं, धाकटा गेला तेव्हासुद्धा नाही. बाबा स्टूल ओढत पलंगाच्या डोक्याकडे आले, जरा उशिरा का होईना, आणि माईचा दुसरा हात त्यांनी आपल्या हातात घेतला.

"माहीत होतं तर चालेल का म्हणालात?" धाकटीनं विचारलं. आता तीही रडत होती आणि त्यामुळे तिच्या आवाजाला जरा धार आली होती. "चालेल म्हणजे काय हो? तिकडे बाहेर भांडणं चाललीत. एक म्हणतो हो, एक म्हणते नाही. तुम्ही चालेल म्हणता तेव्हा तुमचं म्हणणं काय असतं?"

माईनं गाऊनच्या बाहीनं नाक पुसलं. "काही नसतं. तुम्ही लोकांनी ठरवलेलं असतं. मी आड येत नाही, एवढंच. मला कोणी विचारलं, की माझ्या अंगावर काटा येतो बाई. आपण काहीतरी सांगायचं आणि ते चुकलं तर? तुमचं चुकलं तर तुम्ही आहात. माझं चुकलं तर मी एकटी."

"एकटी कशी?" बाबा म्हणाले. इतक्या वेळात ते पहिल्यांदा बोलले होते. "मी आहे ना."

"तुम्ही तर पायाकडे बघतही नाही."

बाबांनी खाली मान घातली. मग ते उठले, पलंगाच्या दुसऱ्या टोकाशी गेले आणि त्यांनी चादर वर केली. पट्ट्या बांधलेल्या होत्या, टोकाशी काळी बोटं दिसत होती. बाबांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चादर नीट घातली, कडा गादीखाली खोचल्या, अगदी घडी मोडू नये अशा, आणि परत येऊन माईचा हात धरला.

"दिसला," ते म्हणाले.

"कसाय?"

"वाईट आहे."

"मला वाटलंच," माई म्हणाली, आणि तिला जरा हुशारी आल्यासारखं वाटलं. कोणीतरी खरं बोलत होतं.

सर्जनबाई आल्या तेव्हा सगळे खोलीत होते. थोरला दारापाशी, ताई खिडकीशी, जावई दोघांच्या मध्ये, भांडण उठलं तर असावं म्हणून. बाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. खुर्ची ओढून त्या माईच्या समोर बसल्या.

"तुम्हाला सांगितलं का, काय करायचंय?"

"सांगितलं."

"मग मला सांगा. तुमच्या शब्दांत."

माईनं सवयीनं थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याचं तोंड उघडलंच होतं. जावयांनी त्याच्या दंडाला हात लावला आणि त्यानं ते मिटलं.

"पाय सडत चाललाय," माई म्हणाली. "गुडघ्याखालून काढणार. राहिलेल्या गुडघ्याला पुढे नकली पाय लागतो."

"बरोबर. आणि काढला नाही तर?"

"विष वर चढेल. मग गुडघाही जाईल. नाही तर मीच."

"अजून एक रस्ता आहे. रक्तवाहिनी उघडायचा प्रयत्न करता येतो. तुमच्या बाबतीत तो जमायची शक्यता फार कमी आहे, आणि नाही जमला तर हे ऑपरेशन करावंच लागेल, तेही तुम्ही आणखी थकलेल्या असताना. मी तो सुचवत नाही. पण तो आहे, हे तुम्हाला माहीत असायला हवं. आणि काहीच करायचं नाही, नुसती दुखणं कमी करणारी औषधं घ्यायची, हेही तुम्ही म्हणू शकता. तसं म्हणालात तरी मी तुम्हाला टाकून देणार नाही."

"माई," ताईला राहवलं नाही, "तुला नको असेल तर नको म्हण. आपण घरी जाऊ. मी आहे."

"तू गप्प बस गं जरा," माई म्हणाली. प्रेमानंच म्हणाली, पण ताई गप्प झाली. माईनं डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं, आता तो शब्द येणार. थोरला त्याच्या अर्थानं आणि ताई तिच्या अर्थानं, दोघंही तो ऐकायला थांबली.

"काढा," माई म्हणाली. "प्रयत्नबियत्न नको. काढायचा तर एकदाच काढा. मला नकली पायावर टेबलाशी उभं राहायचंय. बसून इस्त्री मला जमणार नाही, घड्या तिरक्या येतात."

थोरल्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आपण म्हणत होतो तेच झालं, याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. पण ती हे असं म्हणेल, यातलं एक अक्षरही त्याला माहीत नव्हतं.

"ठीक," बाई म्हणाल्या. "आणखी एक विचारते. हे सगळ्यांनाच विचारते, घाबरू नका. तुम्ही गुंगीत असताना, किंवा नंतर काही दिवस बोलता येत नसताना, काही ठरवायची वेळ आली तर आम्ही कोणाला विचारायचं? ते नाव तुमच्या तोंडून यायला हवं."

बाबा ताठ बसले. थोरल्यानं डोळे पुसले. त्या घरात या प्रश्नाचं उत्तर इतकं ठरलेलं होतं, की कोणी मनातसुद्धा विचार केला नाही.

"हिला," माई म्हणाली, आणि धाकटीकडे बोट केलं.

धाकटीच आधी बोलली. "मला नको. माई, काहीतरी काय! बाबा आहेत, भाऊजी आहेत, ताई आहेत. मी कोण?"

"बघा, लागली भांडायला." माई डॉक्टरांकडे बघून म्हणाली. "म्हणूनच हिला. हे सगळे माझ्यावर जीव टाकतात हो. ह्यांना वाटतं मला काय हवंय ते ह्यांना माहीत आहे. हिला तसं वाटत नाही. ही विचारते, मी सांगते, ही नाही म्हणते, मी पुन्हा सांगते. इतकी वर्षं माझं म्हणणं नीट ऐकून घेतलंय ते हिनंच, नाही तर भांडणार कशावर?" मग ती धाकटीकडे वळली आणि तिचा आवाज खाली आला. "त्या वेळी तुला बाहेर बसवलं. मीही काही बोलले नाही. चालेल म्हणाले."

धाकटीनं ओठ घट्ट दाबले. थोरला दारापासून पुढे आला. त्याला लागलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. पण इतकी वर्षं सगळ्यांच्या सह्या करून करून त्याचा खांदाही भरून आला असावा, कारण त्यानं धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मी तुझ्यासोबत बसेन. तू ठरव, मी नुसता बसेन."

"बाहेरच्या बाकावर?" धाकटी रडत रडत म्हणाली.

"बाहेरच्या बाकावर."

जावई घसा खाकरून म्हणाले, की हे कागदावर लिहून घ्यावं लागेल, साक्षीदार लागतील. या खोलीत आपल्याला एवढं एक तरी नक्की ठाऊक आहे, याचा त्यांना फार आनंद झाला होता. बाईंनी नवा कागद काढला. माईनं चष्मा मागितला. कागदावरचं सगळं तिनं वाचलं, ओठ हलवत, एकेक ओळ, आणि कोणीही तिला घाई केली नाही. बाबांनी तिच्या कोपराखाली उशी धरली.

"तर मग उद्या सकाळी पहिलं तुमचंच घेते," बाई म्हणाल्या.

माईनं पेन टेकवलं आणि थांबली.

"उद्या नको," ती म्हणाली. "परवा."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. "उद्या काही आहे का?" थोरल्यानं विचारलं. "कोण यायचंय? काही राहिलंय का?"

"नाही."

"भीती वाटते का? बरं वाटत नाहीये का?" ताईनं विचारलं.

"तसंही नाही."

बाई फाइल बघत होत्या. "एक दिवस थांबता येईल. त्याहून जास्त नाही. पण कारण काय?"

बाबांनाही कारण हवं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. फक्त धाकटीनं काही विचारलं नाही. माईनं एकेकाकडे पाहिलं, सावकाश, जणू सगळ्यांची पहिल्यांदाच ओळख होत होती. मग चादरीवरून आपल्या पायाकडे पाहिलं.

"कारण कशाला हवं?" ती म्हणाली. "पाय माझा आहे."